बारा भोकांची फळी

ट्रक फाटकातून आत येण्याआधी त्याचा आवाज आत आला. टक् टक् टक् टक्. वहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, हातातला ओला सदरा तसाच हातात राहिला. शेडमध्ये मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि मान वर न करताच म्हणाले, "आला परत."

ही तिसरी खेप होती.

लंबू ड्रायव्हर खाली उतरला. त्याची उंची अशी की शेडच्या दारातून येताना तो मान वाकवायचा आणि आत आल्यावरही जरा वेळ वाकलेलाच राहायचा. ट्रक त्याचा स्वतःचा, त्यावरच घर चालायचं. पंधरा वर्षांत मिस्त्रींखेरीज दुसऱ्या कुणाला त्यानं बॉनेट उघडू दिलं नव्हतं. त्यामुळे तक्रार करायची तर त्यालाच चोरट्यासारखं होई, आणि मग तो ती थट्टेवर नेई.

"मिस्त्री, इंजिन बांधताना आत एखादा सुतारपक्षी राहिला का हो?"

मिस्त्री हसले नाहीत. एरवी हसले असते.

घर आणि शेड एकाच आवारात, मध्ये फक्त अंगण. मिस्त्रींशी लग्न होऊन आल्यापासून वहिनींच्या कानांवर इंजिनांचे आवाजच पडत आले होते. घरात बसून त्या सांगत, आज डिझेलपंपाचं काम आहे, आज कुणाचं तरी बेअरिंग गेलंय. पण मिस्त्रींच्या टेबलाला त्यांनी हात लावायचा नाही, हा पहिल्या वर्षीच घालून दिलेला नियम. मिस्त्री तसे शांत माणूस. आवाज चढायचा तो फक्त टेबलावरची वस्तू हलली तर. या तीस वर्षांत मिस्त्रींनी बांधलेलं इंजिन परत आलं असं कधी झालं नव्हतं. लंबूचं आलं, तेही तीनदा.

पहिल्या वेळी मिस्त्रींना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. नव्यानं बांधलेल्या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे लोखंडी दट्टे, थोडे सैल व्हायचेच. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्या मधल्या फटीत फिलरची पातळ पट्टी घालून त्यांनी बाराच्या बारा फटी मोजून नीट केल्या. आवाज गेला, पण चार दिवसांनी पुन्हा आला. दुसऱ्या वेळी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली, डॉक्टर छाती तपासतो तशी. ऑइलचं प्रेशर पाहिलं. पुशरॉड एकेक करून काचेवर घरंगळवले, सगळे सरळ. रॉकरचा दांडा बदलला. आवाज गेला. आठवडा गेला आणि आता हा सुतारपक्षी पुन्हा हजर.

या वेळी मिस्त्रींनी सगळं खोललं. दोन दिवस ते धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बारा टॅपेट काढून शेडच्या दाराशी उजेडात बसले आणि भिंग लावून एकेकाचा तळ पाहू लागले. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा लंबू त्यांच्या शेजारी उकिडवा बसला होता. मिस्त्री त्याला समजावत होते. आवाज मात्र त्यांचा नव्हता. कुणाची तरी तार वाचून दाखवावी तसा.

टॅपेटांना उचलणारा उंचवट्यांचा दांडा, म्हणजे कॅम, जुनाच ठेवला होता, चांगला होता म्हणून. आता प्रत्येक टॅपेट वर्षानुवर्षं कॅमच्या एकाच उंचवट्यावर फिरतो. दोघं एकमेकांना घासून एकमेकांजोगे होतात. म्हणून खोलताना ज्याचा टॅपेट त्याच्याच घरात परत गेला पाहिजे. म्हणून तर टेबलावरची ती बारा भोकांची फळी, ज्याचं भोक त्याचाच टॅपेट. अदलाबदल झाली की एकमेकांना खायला लागतात. फट नीट करावी, दोन दिवस गप्प बसतात, मग पुन्हा सैल.

"हे बघ, चर पडलाय. हा इथला नाहीच," मिस्त्री म्हणाले. "अदलाबदल झालीय."

"अशी कशी होईल?"

"माझ्याशिवाय त्या फळीला हात कोण लावतं?" मिस्त्रींनी भिंग मिटलं. "दादाचंही असंच सुरू झालं होतं."

वहिनींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

दादा म्हणजे मिस्त्रींचे थोरले भाऊ. मिस्त्रींना पाना धरायला त्यांनीच शिकवलं. उतारवयात त्यांना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग माणसं; शेवटी शेवटी पाना हातात दिला तर तो कशाचा म्हणून उलटसुलट करून बघायचे. मधल्या दिवसांत त्यांनी एका गाडीचं चाक बसवलं आणि नट आवळायचे राहिले. चाक चालत्या गाडीतून सुटलं. ड्रायव्हर वाचला, पण पाय गेला. तीन वर्षं दादा याच घरात होते. वहिनींनी त्यांना जपलं ते असं, की त्यांची चूक कुणाला कळूच द्यायची नाही. किल्ल्या सापडेनात, तर मीच उचलून ठेवल्या. दुसऱ्यांदा जेवायला बसले, तर मघाशी मीच वाढलं नव्हतं. मिस्त्रींना सगळं कळायचं. एकदा हसून म्हणालेही होते, "खोटं बोलावं तर तुझ्यासारखं. डोळ्याची पापणी हलत नाही." पुढे त्यांची मुलगी त्यांना परगावी घेऊन गेली, आणि ते गेले ते तिच्याकडेच. ते नेमके लंबूचं इंजिन खोलून ठेवलं होतं त्याच दिवसांत. मिस्त्री पाच दिवस तिकडे होते.

आणि त्या पाच दिवसांतली एक दुपार वहिनींच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. वारा सुटला होता, शेडचा एक पत्रा उचकटला आणि पावसाची झड थेट टेबलावर आली. पाऊस थांबल्यावर त्या आत गेल्या. फळीतल्या चकचकीत टॅपेटांवर तांबूस ठिपके उमटायला लागले होते. मिस्त्री भावाच्या दुःखातून परत येणार आणि हे बघणार. त्यांनी घमेल्यात डिझेल ओतलं, बाराच्या बारा त्यात टाकले, चिंधीनं घासून पुसले, ऑइलचा हात फिरवला आणि परत फळीत उभे केले. बारा भोकं, बारा टॅपेट, सगळे एकासारखे एक. एकही हरवला नाही याचंच त्यांना समाधान वाटलं होतं. मिस्त्री आले ते सुन्न होऊन आले. तेव्हा धुतलेल्या लोखंडाची गोष्ट काय सांगायची? मग ती मनातून गेलीच.

लंबू गेल्यावर मिस्त्री टेबलाशी बसले. म्हणाले, नवा कॅम, नवे टॅपेट घालून लंबूचं काम पुरं करतो, आणि मग शेड बंद.

"दादाला मी उशिरा थांबवलं. माझ्यावर ती वेळ नको."

"अहो, ते टॅपेट मी धुतले होते," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. वारा, पत्रा, ठिपके, घमेलं.  ऐकता ऐकता मिस्त्रींचा चेहरा मऊ होत गेला, आणि तो तसा होतोय हे पाहून वहिनी आणखी घाईनं बोलू लागल्या.

"झड इतकी आत येत नाही," ते म्हणाले.

"आली होती. पत्रा मीच दगड ठेवून दाबला."

"बरं."

"बरं काय? मी खरं सांगतेय."

"दादाच्या वेळीही असंच खरं सांगायचीस तू." मिस्त्रींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "इतक्या वर्षांत तू या टेबलाला कधी हात लावला नाहीस. माझ्यासाठी आता हेही अंगावर घ्यायला निघालीस."

वहिनी पत्र्यावरचा दगड दाखवायला त्यांना बाहेर घेऊन गेल्या. मिस्त्रींनी दगडाकडे पाहिलं, मान डोलावली. दगड काय, कुणीही कधीही ठेवलेला असू शकतो. दुसऱ्या दिवशी वहिनींनी लंबूला फाटकाशी गाठलं, सगळं सांगितलं आणि विनवलं की तूच समजाव, तुझं ऐकतील. लंबू खाली बघत उभा राहिला.

"काळजी करू नका, वहिनी," तो हळूच म्हणाला. "मी कुणाला काही बोलणार नाही."

म्हणजे त्यालाही पटलं नव्हतं. वहिनी फाटकाला धरून उभ्या राहिल्या. आयुष्यभर कुणाकुणासाठी इतकं खोटं बोलल्या, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा पदरात कुणी विश्वास तेवढाही टाकेना. राग यावा तर कुणाचा?

आठवड्यानं नवा कॅम बसला. त्या सकाळी मिस्त्रींनी अंगणातून हाक मारली, "अगं, जरा इकडे ये." वहिनी हात पुसत गेल्या. मिस्त्रींनी बाजूला सरकून त्यांना इंजिनापाशी जागा करून दिली आणि फिलरची पट्टी हातात दिली.

"मी लावल्यात फटी. तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळेल. घातली की ओढायची. घडी केलेल्या चादरींच्या चळतीतून एक ओढतेस ना, तशी आली पाहिजे. अडायची नाही आणि सुळकन यायचीही नाही."

वहिनींनी पहिली फट पाहिली. चादरीसारखी आली. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि त्या म्हणायच्या, बरोबर. मिस्त्री शाफ्ट थोडा फिरवायचे, मग पुढची. लंबू मडगार्डला टेकून बघत होता.

सातव्याला पट्टी सुळकन निघाली.

वहिनींनी ती पुन्हा घातली. पुन्हा तशीच. नट आवळताना पेच केसभर फिरतो, हे कुणाच्याही हातून होतं, असं मिस्त्रीच दुसऱ्यांना सांगताना त्यांनी कितीदा ऐकलं होतं. बरोबर म्हटलं असतं तर या क्षणी मिस्त्रींचं मन राहिलं असतं, पण चार दिवसांनी ट्रक पुन्हा फाटकात आला असता. सैल म्हणावं तर दादासारखं होण्याची त्यांची भीतीच खरी ठरणार.

मिस्त्री वाट बघत होते.

"सैल आहे," त्या म्हणाल्या.

हे मात्र त्यांनी लगेच मानलं. स्वतः पट्टी घालून पाहिलीसुद्धा नाही. पाना उचलला, नट ढिला केला, पेच जरासा फिरवला, नट आवळला आणि पुन्हा बाजूला सरून उभे राहिले, मास्तरांपुढे पाटी धरून उभं राहावं तसे.

"आता बघ."

वहिनींनी पट्टी ओढली.

"आता बरोबर."

"नक्की?"

"नक्की."

मिस्त्रींनी मान हलवली आणि शाफ्ट आठव्यावर आणला.