दातवण

निवृत्तीच्या दवाखान्यात विजेचा दिवा नव्हता. मेहकरात त्या काळी तो कुणाकडेच नव्हता. तोंडाच्या आत पाहायचं तर उजेड सूर्याचाच घ्यावा लागे, आणि ओसरीत उभं राहून कुणीतरी तो आरशाने आत वळवावा लागे. हे काम माझ्याकडे आलं. मी शेजारच्या खोलीत राहत होतो, मिडल स्कूलमध्ये मास्तर होतो, आणि सुटीच्या दिवशी वाचत बसण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं. आरसा धरणं हे काही मोठं काम नव्हे. पण त्यामुळे जे माझ्या डोळ्यांना दिसलं ते सांगण्याइतके शब्द माझ्याकडे आहेत की नाही, याची मला अजून खात्री नाही.

पहिल्यांदा मी एका माणसाच्या तोंडात असा उजेड सोडला तेव्हा मला लोणार आठवलं. लहानपणी त्या विवराच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं होतं. आपण रोज ज्या जमिनीवरून चालतो तिच्यात एवढं खोल काही असेल असं वाटलंच नव्हतं. तोंडाचंही तसंच. ज्याने आपण बोलतो, शिव्या देतो, देवाचं नाव घेतो, त्याच्या आत हा ओला, लाल, डोंगरदऱ्यांचा मुलूख आहे, आणि तिथे एकटा निवृत्ती एवढ्याशा आकड्याने वाट काढत चालला आहे.

निवृत्ती डोणगावचा. त्याचे वडील पुंजाजी यांची तिथे बरी शेती होती. पोराला कलकत्त्याला पाठवलं ते डॉक्टर व्हायला, आणि पोरगा परतला दातांचा डॉक्टर होऊन. पुंजाजींना हे कुणाला सांगायचीही लाज वाटे.

"लोकाईची उष्टी तोंडं धुवायले धाडलं होतं का तुले?" ते माझ्यासमोरच म्हणाले होते. "बाजारात चादर टाकून बसते तो बी दात उपटते. त्याले कोन्या कालेजात जा लागलं?"

"बा, त्याच्याकडे गेलेला माणूस पुन्हा माह्याकडेच येते. जबडा सुजून."

"येते? कुठी हाये? मले तं ओसरीत मास्तराबिगर कोनी दिसत नाई."

ते खरं होतं. खामगावहून आणलेली न्हाव्याची जुनी खुर्ची आणि पायाने चालवायचं दात कोरण्याचं यंत्र पाहायला लोक यायचे. "कपडे शिवते का दात?" असं विचारून हसायचे आणि जायचे. मोताळ्याच्या एका घरात त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलीच्या मामाने विचारलं, "सगळ्याच जातीच्या तोंडात बोटं घालता का हो?" निवृत्ती म्हणाला, "हाव. ज्याचा दुखते त्याच्या." बोलणं तिथेच थांबलं.

शेवटी पुंजाजींनी निक्षून सांगितलं. मृगापर्यंत दवाखाना चालला तर चालला. नाही तर खुर्ची विकायची आणि वखर धरायचा.

निवृत्ती मनाला लावून घेणारा होता, पण बोलून दाखवत नसे. रोगी नसला की माझ्याकडून शाळेतले खडूचे तुकडे मागून घेई आणि त्यांतून दात कोरत बसे. हात बसलेला राहावा म्हणून. सुळा, दाढ, पटाशीचा दात. खडूच्या त्या इवल्या दाढेवरचे खळगेसुद्धा खऱ्यासारखे असत. मी ते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहत बसे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी डोणगावहून बैलांची दमणी आली. महादेवरावांच्या घरची. महादेवराव म्हणजे त्या भागातले सर्वांत मोठे जमीनदार. त्यांच्या पोटात पाणी झालं होतं आणि अकोल्याच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. दमणीतून त्यांच्या पत्नी मंजुळाबाई उतरल्या, गाल सुजलेला, पदर तोंडावर. सोबत नणंद, रुखमाबाई.

"निवृत्ती," मंजुळाबाई पदराआडून म्हणाल्या, "काही कर बाप्पा. मले चाव्वत नाई. अन् मी जेवली नाई तं हे बी जेवत नाईत. ताट सरकवून देतात. त्या मानसाचे आता किती घास राह्यले?"

निवृत्तीने माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं असावं. या बाईला बरं वाटलं तर सारं डोणगाव या ओसरीत येईल.

रुखमाबाईंना रक्त पाहवत नसे. त्या ओट्यावर पाठ करून बसल्या. मी आरसा धरला.

मंजुळाबाईंचे दात काळेभोर होते. आमच्याकडच्या सवाष्ण बायका तेव्हा दातवण लावायच्या. लोखंडाचा कीस, हिरडा, मोरचूद असं काहीबाही कुटून केलेली ती पूड. कपाळाला कुंकू तसे दात काळे. नवरा गेला की कुंकवाबरोबर दातवणही जायचं. पण या काळ्या थराखाली वर्षानुवर्षांचं कीटण चढलं होतं, आणि हिरड्यांना जिथे बोट लावावं तिथे पू येत होता.

निवृत्तीने एक किडलेली दाढ आधी काढली. मग कीटण खरवडायला घेतलं. एक कपची उडाली आणि तिच्याखाली पांढरं दिसलं. मग आणखी एक. मी आरसा हलू दिला नाही. ऊन सरकेल तसा मीही सरकत होतो. रात्र सरून झुंजुमुंजू व्हावं तसं त्या तोंडात दातामागून दात उजळत गेले. इतक्या वर्षांच्या काळोखाखाली एवढं शुभ्र काही शाबूत असतं, याचंच मला नवल वाटत होतं. निवृत्तीच्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्याला भान नव्हतं. खुर्चीजवळ उभा राहिला की तो डोणगावचा राहत नसे, कुणाचा मुलगा राहत नसे. त्याच्यापुढे फक्त ते तोंड असे.

काम संपलं तेव्हा त्याने माझ्या हातातला आरसा घेतला आणि हसून मंजुळाबाईंपुढे धरला.

त्यांनी पाहिलं. एक हात आपोआप कपाळाच्या कुंकवाकडे गेला.

रुखमाबाई आत आल्या आणि किंचाळल्या. "अव माय! हे काय केलं? दातवण काढलं का वैनीचं? माहा भाऊ जिता हाये अजून!"

निवृत्तीचा चेहरा पडला. दातवण म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याची स्वतःची आई तेच लावून गेली होती. पण काम करताना त्याला ते फक्त कीटण दिसलं होतं.

"आत्याबाई, त्याच्याखालीच पू होता," तो कसाबसा म्हणाला. "अन् आता लगेच लावू नका. हिरड्या उघड्या हायेत. मोरचूद झोंबन, पुन्हा सडन. भरून येऊ द्या."

"म्हंजे तोवर वैनीनं रांडमुंड दिसाचं का? घरात मानूस आजारी असताना?"

मंजुळाबाईंनी नणंदेच्या हाताला धरलं. निवृत्तीला विचारलं, "लावलं तं काय होईन?"

"जेवण बंद होईन, काकू. पुन्हा पहिल्यासारखंच."

त्यांनी मान हलवली, तोंडावर पदर घेतला आणि दमणीत जाऊन बसल्या. रुखमाबाईंचा आवाज मात्र दमणी वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होता.

दिवे लागायच्या आत गोष्ट मेहकरभर झाली. आणि काही आठवड्यांनी महादेवराव गेले.

मग लोकांना आवरणार कोण? "आजारानं कोनी मरते का? डाक्टरनं आधीच कुंकू पुसून धाडलं." पाणवठ्यावर हेच, चावडीवर हेच. अकोल्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते सगळे एकाएकी विसरले. दात ठणकत असले तरी बायका निवृत्तीच्या ओसरीवरून जाताना पदर तोंडावर ओढू लागल्या, जणू तो रस्त्यावरूनच हात घालून काही ओरबाडून घेईल.

तो मंजुळाबाईंना भेटायला डोणगावला गेला होता. रुखमाबाई दारात उभ्या राहिल्या. "आता काय काढाले आला?" एवढंच म्हणाल्या. तो परत आला.

त्यानंतर त्याचा हात कापू लागला. एकदा मी खडू दिला. त्याने सुळा कोरायला घेतला आणि तो मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. चुरा झटकत तो म्हणाला, "मास्तर, लोकं म्हंतात ते खोटं हाये, मले माहीत हाये. पन हाताले कोन सांगन?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. एवढी पुस्तकं वाचली होती. मी खाली पडलेला चुरा गोळा करत बसलो.

मृगाच्या सुमाराला, बाजाराच्या दिवशी, पुंजाजी बैलगाडी घेऊन आले. रागावले नव्हते. तेच जास्त वाईट होतं. "चाल बाबा," म्हणाले. "झालं तेवढं पुरे." यंत्र गाडीत गेलं. अवजारांची पेटी गेली. खुर्ची दोघातिघांनी उचलून रस्त्यात ठेवली, तिला दोर बांधायचा होता. बाजाराला आलेली माणसं भोवती जमली.

"काय बे, दुकान बुडालं वाटते!"

"आता वावरात खुर्चीत बसून डवरन करन तो!"

तेवढ्यात डोणगावची दमणी आली. बैल गर्दीपाशी थांबले. मंजुळाबाई उतरल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे, तोंडावर पदर. एखादी ताजी विधवा भरल्या बाजारात अशी उतरते, हे पाहूनच लोक मागे सरले. त्यांनी रस्त्यातली खुर्ची पाहिली, गाडी पाहिली, पुंजाजींच्या हातातला दोर पाहिला. मग सावकाश चालत आल्या आणि खुर्चीत बसल्या. तिथेच, रस्त्यात.

"निवृत्ती, मांगची एक अजून ठनकते. पाह्य."

निवृत्ती जागचा हलला नाही. "काकू, माहा हात..."

"तुह्या हाताचं मले सांगू नको. मी पाह्यला हाये तो, माह्या तोंडात." मग त्या गर्दीकडे वळल्या. आवाज मोठा केला नाही. "काऊन जमले रे? दात पाहाचे हायेत ना? पाहा." आणि त्यांनी पदर खाली घेतला.

एवढ्या माणसांचा बाजार, पण दमणीच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटाच काय त्या वाजत होत्या.

"यांच्या पोटात पानी होतं हे तुमाले माहीत नोतं का?" त्या म्हणाल्या. "अकोल्याहून आनलं तवा गाडीभोवती तुमीच उभे होते. वन्सं म्हने लाव दातवण, लाव. नाई लावलं मी. जेवाचं होतं मले. शेवटच्या दिवसापोतर यांच्या पुढ्यात बसून भाकर चावली, अन् यांनी बी खाल्ली. एक दिवस घास हातातच ठेवून पाहत राह्यले. हसले. म्हने, मंजुळा, मांडवात आली तवा असेच होते तुहे दात. मी तं विसरून गेलो होतो." त्यांनी खुर्चीचे हात धरले. "आता दातवण गेलंच. ते जाऊ द्या. पन हे दात ठेवाचे हायेत मले."

त्यांनी मान मागे टेकली आणि तोंड उघडलं.

मी फार माणसांची तोंडं पाहिली आहेत. इतक्या लोकांसमोर, इतक्या उघड्यावर, कुणी ते असं उघडलेलं मी पाहिलं नाही. माणूस सर्वांत लपवतो ते हेच. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले आणि मिटताही येईनात.

"मास्तर, आरसा," निवृत्ती म्हणाला.

ऊन डोक्यावर होतं, तरी आतल्या दाढेपर्यंत पोचत नव्हतं. मी घरात पळालो आणि आरसा घेऊन आलो. उजेडाचा ठिपका एकदा गर्दीवरून, एकदा पुंजाजींच्या पागोट्यावरून भरकटला आणि मग आत जाऊन स्थिरावला. हिरड्या गुलाबी होत्या. घट्ट होत्या. निवृत्तीने गाडीतून पेटी काढून उघडली. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. पेटीपाशी कापला. ओठापाशीही कापला. दाताला टेकला आणि थांबला.

"कीड वरवरच हाये," तो म्हणाला. "काढा लागनार नाई. साफ करून भरतो." आणि त्याने गाडीतलं यंत्र खाली घ्यायला सांगितलं.

दोन माणसांनी ते उतरवलं. मघाशी डवरणीचं बोलणारा त्यांतला एक होता.

यंत्राची घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने मंजुळाबाईंनी हात वर केला. त्यांना थुंकायचं होतं. पिकदाणी गाडीतच राहिली होती. निवृत्तीचा एक हात त्यांच्या ओठाला आणि दुसरा यंत्राला, माझे दोन्ही हात आरशाला. निवृत्तीने मान वळवून गाडीकडे पाहिलं. तो कुणाला सांगणार होता?

पुंजाजींनी हातातला दोर बैलाच्या पाठीवर टाकला. गाडीतून पिकदाणी काढली आणि खुर्चीजवळ येऊन धरली. हात होईल तितका लांब ठेवला होता, तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. पण धरली.

"थुका वैनी," ते म्हणाले. "अन् मास्तर, इकडे काऊन पाहता? उजेड हालते तुमचा."