सुकटीशेजारचा कंदील

निविदेतली अट : दिवा उन्हावर चालावा. राकेल लागू नये.

दापोड्याच्या गोदामांमागे, पत्र्याच्या शेडमध्ये विनिता असेच दिवे बनवत होती. लोडशेडिंगने भिवंडी रोज अंधारात जायची, तरी दुकानदार म्हणत, "ताई, आधी सरकारला घेऊ दे. मग आम्हीपण ठेवू."

आणि सरकारने मनावर घेतलं! २००७ साली वसतिगृहांतले राकेलचे कंदील बदलायचे ठरले. विनिताचे थोडे दिवे एका वसतिगृहात नमुन्याला गेले. चालले तर मोठी ऑर्डर. नाहीतर शेडला कुलूप.

अट : तपासणी होईल.

तपासणीला वसतिगृहात आलेल्या साहेबांनी विनितासमोर खिडक्या लावायला सांगितल्या. गृहपाल सावळाराम यांनी कपाट उघडलं. दिवे प्लास्टिकमध्ये, कोरे करकरीत.

"कुणाला हात लावू दिला नाही," ते म्हणाले. "सरकारी माल!"

साहेबांनी बटण दाबलं. अंधार.

दुसरा. अंधार.

विनिताने दिवा उलटून पाहिला. बिचाऱ्या दिव्यांनी ऊनच पाहिलं नव्हतं. तिने तसं सांगितलं, पण ते तिच्याच कानाला सबबीसारखं लागलं.

"बाई, पेटणारा एक तरी दाखवा," साहेब म्हणाले.

दारातून स्वयंपाकीण राहीबाई पुढे झाल्या. "एक माझ्याकडं हाय, सायेब, कपाटात जायच्या आधीच सैपाकघरात नेलेला. पन रागवू नका. कंदील म्हनून रोज राखेनं काच घासली, धुतली. मंग भिजला म्हनून सुकटीबरोबर पत्र्यावर वाळत टाकला."

"दिवा धुतलात?" सावळारामांनी कपाळाला हात लावला.

"मंग? काजळी धरंपर्यंत वाट बघू?"

"मावशी, याला काजळी धरतच नाही," विनिता म्हणाली.

"तेच तर! घासून घासून जीव गेला, एवढीशी निघंल तर शपथ!"

राहीबाईंनी पदराआडून दिवा काढला. बटण दाबलं.

उजेड. लख्ख. आणि खोलीभर सुकटीचा वास.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि त्यातूनच हसले. "पाण्यालाही पुरून उरला की! सावळाराम, बाकीचे उन्हात काढा. संध्याकाळी बघतो."

संध्याकाळी सगळे पेटले.

अट : (ही निविदेत नव्हती.)

ऑर्डर आली. मागोमाग दुकानदार आले. खोक्यांवर विनिताने छापून घेतलं : सुकट वाळते तिथे ठेवावा.

नव्या मालातला पहिला दिवा ती राहीबाईंच्या घरी घेऊन गेली आणि वाकून पाया पडली. राहीबाईंनी दिवा हातात फिरवून पाहिला.

"याला तरी राखेनं घासू ना?"

"घासा, मावशी," विनिता म्हणाली. "हवा तेवढा घासा."