सतरा नंबरचे कान

क्वाक साहेबांना पिलसूनने चेहऱ्यावरून ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. सत्तरी ओलांडलेला, गिर्यारोहकांची टोपी घातलेला तो माणूस फाटकाशी उभा राहून "स्पीकरवाल्या बाई इथंच राहतात का?" असं म्हणाला, आणि अंगणात मिरच्या वाळत घालणारी पिलसून जागच्या जागी थिजली. 'राहतात'मधला 'ह' नाकातून काढायची ती लकब तेहतीस वर्षांत बदलली नव्हती.

"इथंच," ती म्हणाली. "काय झालंय?"

"मूळचे स्पीकर आहेत गाडीचे, कंपनीने बसवलेले. पुढच्या दोन्ही दारांतले फुरफुरतात. दुकानात गेलो तर पोरगा म्हणतो, फेकून द्या, नवीन घाला. मी म्हटलं, अरे, मी उभा जन्म स्पीकरच्या कारखान्यात काढलाय. त्या काळचा पडद्याचा कागद आता मिळायचा नाही."

"खरंय. कागद चांगला असतो. कड तेवढी कुजते."

"तुम्हाला कळतं म्हणजे," तो खूश होऊन म्हणाला. "शनिवारी मला गाडी हवी. आमच्या जुन्या कामगार बायकांचं संमेलन आहे. साठ जणी जमणार. मला भाषण करायचंय. विषय दिलाय, 'ऐकावं कसं'." तो हसला. "वीस वर्षं श्रवण विभागाचा प्रमुख होतो मी. अख्ख्या मासान शहरात माझ्यासारखा कान दुसरा नव्हता, असं लोक म्हणतात."

पिलसूनने किल्ली घेतली. त्याने तिला ओळखलं नाही, यात नवल नव्हतं. त्याच्या कारखान्यात तीनशे मुली होत्या, निळ्या टोप्या आणि तोंडाला फडकं. नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. ती सतरा नंबर होती. तपासलेल्या प्रत्येक स्पीकरच्या चुंबकावर ती सतराचा शिक्का मारायची. तो रबरी शिक्का अजून तिच्या शिवणाच्या डब्यात होता, बटणांच्या खाली.

काय दिवस होते ते. सकाळी मोड आलेल्या सोयाबीनचं गरम पाणीदार कालवण, मग हातात हात घालून बंदराच्या कडेने चालत जाणं, वाऱ्यावर माशांचा आणि डिंकाचा एकत्र वास. श्रवण विभागातल्या लहानशा खोलीत भिंतींना कापूस ठोकलेला असे. यंत्रातून एक सूर निघायचा, खालच्या घुमण्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत चढत जायचा, आणि त्या चढणीत कुठे खर्रर्र झालं, कुठे आतलं तारेचं वेटोळं चुंबकाला घासलं, तर ते पिलसूनला आधी कळायचं आणि यंत्राच्या काट्याला नंतर. बाकीच्या मुली म्हणायच्या, सतराला मुंगीने जांभई दिलेलीसुद्धा ऐकू येते.

मग एका वर्षी शरदात ऐंशी पेट्या परदेशातून परत आल्या. 'आवाज सदोष' एवढंच वर लिहिलेलं. सगळ्यांवर सतराचा शिक्का. क्वाकने सगळ्या ओळीसमोर तिला उभं केलं आणि तिच्या कार्डावर लाल शाईने लिहिलं: कान मंद.

ते कार्ड तिच्या आधी सगळ्या कारखान्यांत पोचलं. तिने मासळी बाजारात मासे साफ करायला सुरुवात केली. तेही ती विसरली असती. पण त्या दिवसापासून आई तिच्याशी मोठ्याने बोलू लागली. "जेवलीस का गं?" हेसुद्धा ओरडून. "आई, मला ऐकू येतं," असं पिलसून म्हणायची, आणि आई डोळे पुसून आणखी मोठ्याने म्हणायची, "हो गं बाई, येतं." मरेपर्यंत ती तशीच बोलली. शेवटच्या आजारात दम नव्हता, तरी ओरडायची. आणि खरं सांगायचं तर पिलसूनलाही वाटू लागलं होतं, असेल काहीतरी कमी आपल्यात.

पुढे लग्न झालं. नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या हाताखाली ती स्पीकरचे कागद बदलायला शिकली. एकदा दिराच्या टॅक्सीतले दोन स्पीकर बसवताना तिने एका बाजूच्या तारा उलट जोडल्या. गाणं लावलं, तर गाणारी बाई गाडीतून उठून कुठे निघून गेल्यासारखी. ढोल पोकळ, आवाज चहूकडे आणि कुठेच नाही. एक स्पीकर बंद केला, की दुसरा एकदम ठणठणीत. दोन्ही मिळून मात्र एकमेकांचा गळा दाबत होते. एक कागद पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा.

पिलसून तारा हातात धरून टॅक्सीत बसून राहिली. कारखान्यात ती एका वेळी एकच स्पीकर ऐकायची. एकट्या स्पीकरमध्ये हा दोष देवालाही ऐकू आला नसता. धन तार कुठली हे दाखवणारा लाल ठिपका दोघांतल्या एकावर चुकीच्या टोकाला पडला असेल, तरच जोडी बिघडते. ठिपके लावायचं मेज क्वाकच्या हाताखाली होतं. आणि त्याला हे माहीत होतं. त्याला माहीत असणारच.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. रागाला उशीर झाला होता, पण तो आला आणि मुक्कामाला राहिला.

गुरुवारी दुपारी तिने गाडीच्या दारांची आतली पाठ लाकडी पट्टीने उचकटली, चार-चार स्क्रू काढले आणि दोन्ही स्पीकर अंगणातल्या सोया सॉसच्या रांजणांच्या झाकणांवर उपडे ठेवले. फोमची कड बोट लावताच भुकटी होऊन गळली. तिने जुना डिंक स्पिरिटने पुसला, नवी कड लावली, चिकटेपर्यंत मधला कागद दोन बोटांनी खाली-वर करत कान लावून बसली. घासत नव्हतं. काम तिने चोख केलं. कामात खोट ठेवणं तिला जमलंच नसतं.

मग घड्याळातला सेल काढून तारा लावल्या. लाल ठिपक्याला धन टोक, कागद बाहेर उडी मारतो. तिने शिवणाचा डबा काढला, शिक्क्यावर शाई घातली आणि दोन्ही चुंबकांवर मारला. सतरा. सतरा. उजव्या दारात तारा सरळ जोडल्या. डाव्या दारात उलट.

मग माल्जाला फोन केला. माल्जा तिच्याच खोलीत बसणारी, बावीस नंबर. "शनिवारी दहाला आपल्या कारखान्यातल्या कुमरेला घेऊन माझ्याकडे ये. संमेलनाला साहेबांच्या गाडीतून जाऊ."

"तुला बोलावणं कुठेय?" माल्जा म्हणाली आणि जीभ चावली. कामावरून काढलेल्यांना बोलावत नसत.

"नसू दे. तुम्हाला तर आहे ना. ये, आणि कान धुऊन ये."

शनिवारी साहेब कोट घालून आले. माल्जाने आणि कुमरेने वाकून नमस्कार केला. दोघींनी नंबर सांगितल्यावर साहेबांनी ओळखल्यासारखं केलं. तिघी गाडीशी उभ्या राहिल्या, दारं उघडी. पिलसूनने गाणं लावलं.

माल्जाच्या भुवया पहिल्या ओळीलाच वर गेल्या. कुमरेने पिलसूनकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

क्वाक साहेब डोळे मिटून चालकाच्या जागेवर बसले होते. "वा," ते म्हणाले. "केवढा मोकळा झालाय आवाज. सभागृहात बसल्यासारखं वाटतंय. ऐकलंत का गं? याला म्हणतात स्पीकर."

"एक मिनिट, साहेब," पिलसून म्हणाली. "एक तार ढिली वाटतेय." तिने डाव्या दाराची पाठ काढली, दोन तारांची अदलाबदल केली. गाणारी बाई परत आली आणि थेट काचेच्या मधोमध उभी राहिली. ढोलाला पोट आलं. माल्जाने श्वास सोडला.

साहेबांचं तोंड वाकडं झालं. "हे काय केलंत? बिघडवलंत की. सगळं मध्येच गोळा झालंय. मघाचं लावा."

"नक्की मघाचंच?"

"बाई, चाळीस वर्षं मी स्पीकर ऐकतोय. मला शिकवू नका."

"या दोघींनाही विचारा."

"या काय सांगणार? मी सांगतो ना."

पिलसूनने तारा पुन्हा उलट्या केल्या. बाई पुन्हा नाहीशी झाली. साहेबांनी समाधानाने मान हलवली, आणि मग माल्जाला हसू आवरेना. ती गाडीच्या टपावर हात ठेवून हसत राहिली.

"काय झालं?"

"साहेब, एका बाजूच्या तारा उलट्या आहेत," माल्जा म्हणाली. "पाच वर्षांच्या पोरालाही कळेल."

"परत आलेल्या ऐंशी पेट्यांतले स्पीकर आधीच्या मालाशी जोडीने लावले की असेच वाजत असणार," पिलसून म्हणाली. "लाल ठिपका भलत्या टोकावर."

साहेबांचा हात स्टिअरिंगवरून खाली आला.

कुमरे कधी फारशी बोलत नसे. ठिपके लावायच्या मेजावर ती नऊ वर्षं बसली होती. आता ती हळूच म्हणाली, "त्या पेट्या भरल्या त्या आठवड्यात मी तापाने पडले होते. कामावर आले तेव्हा ठिपक्यांचा साचा उलटा लावलेला होता. पेट्या परत आल्या तेव्हा मी तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, गप्प बस, नाहीतर तूही जाशील." ती पिलसूनकडे वळली. "आणि मी गप्प बसले, ताई."

पिलसूनला हे ठाऊक नव्हतं. तिने कुमरेकडे क्षणभर पाहिलं. हिचा हिशेब नंतर, असं तिने मनात ठरवलं.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं. आवाज नाकातून निघाला नाही.

"चुंबकावर लिहिलंय. स्पीकर काढून बघा. सतरा."

मिरच्यांवर चिमण्या उतरल्या, तरी कुणी हाकलल्या नाहीत. साहेब म्हणाले, "तारा नीट करा."

"गाडी तुम्हाला आवडली तशीच दिलीय. दोन साक्षीदार आहेत."

"चला, साहेब," माल्जा मागच्या सीटवर बसत म्हणाली, "साठ जणी वाट बघतायत. 'ऐकावं कसं' ते ऐकायचंय ना."

कुमरे तिच्या शेजारी बसली. पिलसूनने एप्रन सोडून रांजणावर टाकला, केस सारखे केले आणि पुढचं दार उघडून साहेबांच्या शेजारी बसली. बोलावणं नसताना. गाडी उतारावरून निघाली. गाण्याला ढोल नव्हता, गाणारी नव्हती. साहेबांनी बटणाकडे हात नेला, तर पिलसूनने तो बाजूला सारला आणि आवाज वाढवला.

बंदराच्या वळणावर साहेब काहीतरी पुटपुटले. पिलसूनला शब्द न् शब्द ऐकू आला. माझी चूक झाली.

"जरा मोठ्याने, साहेब."

"माझी चूक झाली."

"आणखी मोठ्याने. माझे कान मंद आहेत."

मागून माल्जा म्हणाली, "ताई, घसा कशाला फोडायला लावतेस? हॉलमध्ये माइक आहे."

"हो, ते बरं," पिलसून म्हणाली, आणि वाटेत साहेबांकडे पुन्हा एकदाही पाहिलं नाही.