मंगळावरची कालवं

चैत्राच्या उत्सवातलं कीर्तन म्हणजे हैबतीचा जीव की प्राण. उमरठजवळच्या त्याच्या वाडीत पूर्वरंग संपला की बुवांना आणि साऱ्या मंडळींना बुक्का लावायचा मान त्याच्या घराचा. म्हणून डबा मांडीवर धरून तो अगदी पुढ्यात बसलेला.

महाडहून आलेले बुवा रंगात आले होते. "श्रोते हो, अमेरिकेचं यान मंगळाच्या वाटेवर आहे! कशाला? तिथे पाणी आहे का, जीव आहे का, ते बघायला. दुर्बिणीतून म्हणे तिथे कालवे दिसतात."

"कालवं?" मागून भागोजी ओरडला. "मंग पानी हायच की, बुवा! आन् खारंच हाय!"

"अहो, ती शिंपल्यातली नव्हेत! कालवे, पाण्याचे पाट!" बुवांनी कपाळाला हात लावला आणि मंडप हसण्याने दणाणला. हैबतीच्या तर डोळ्यांतून पाणी आलं.

ते पुसताना त्याला पायरीखाली तुळसा दिसली. वरल्या वाडीची. तिथला झरा आटलेला, कडेवर रिकामा हंडा.

"पाटील, येकच हंडा वो. सून बाळंत झाल्ये, घरात थेंब नाय."

उत्सवाचा कारभार बघणारा रावजी पाटील खांबाला टेकून बसला होता. देवळाच्या विहिरीचा दोर काढून आणून, त्याच्या वेटोळ्यावर, शेषावर बसावं तसा.

"उत्सव होऊंदे गो, मंग बघू. पानी देवाच्या कामाला ठेवलंय."

असं म्हणून त्याने शेजारचा तांब्या उचलला, पानाने भरलेलं तोंड खळखळून पायरीखाली चूळ टाकली आणि उरलेलं पाणी त्या तांबड्या चिखलावर ओतून दिलं. शिंतोडे तुळसाच्या पायावर उडाले. ते पाणी धुळीत जिरेपर्यंत ती बघत राहिली.

 सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि सगळे अजून कालवांवरच हसत होते. आत्ता आपणही हसलो, याची हैबतीला शिसारी आली. पुढे बुवा काय बोलले, एक शब्द त्याच्या कानात शिरला नाही.

पूर्वरंग संपला. बुवांना बुक्का लावून, एकेक कपाळ करत तो रावजीपुढे आला. रावजीने डोळे मिटून मान पुढे केली. हनुवटीवर पानाचा ओघळ. हैबतीचा अंगठा पुढे जाईना.

"लाव की रे."

"आधी उठा. दोर पायजे."

"डोसकं फिरलं काय? देवाचं पानी हाय त्ये!"

"मंग देवाच्या पान्यानं चूळ कुनी भरली?"

 बुवांच्या हातातल्या झांजा तशाच राहिल्या. हैबतीने दोराचं टोक धरून असा हिसका दिला की रावजी वेटोळ्यावरून कुशीला कलंडला.

"बुक्क्याचा मान गेला तुझा! पुढल्या वर्सापासनं पायरी चढू नको!"

तोवर हैबती विहिरीवर पोचला होता, मागोमाग तुळसा. पोहरा पाण्यावर आदळला. हंडा भरल्यावर त्याने ओले हात धोतराला पुसले, डबा उघडला, आणि रावजीच्या कपाळी लावायचा राहिलेला बुक्का तुळसाच्या हंड्याला लावला.

"हंड्याला कशापायी रं, भाऊ?" ती घाबरून म्हणाली.

"बाळंतिणीकडं चाललाय, म्हनून. जा, आनि दुसरा घेऊन ये."

आत उत्तररंग सुरू झाला होता. गळा काय गोड होता बुवांचा! पण हैबती आत गेला नाही. दोर हातात धरून तो विहिरीच्या काठावरच बसला.