वाक्यं बंद

“वाक्यं नकोत, लॉयड,” कॉर्बिन वेल म्हणाला. “वाक्यांची बेरीज होत नाही.”

लॉयड बेनेडानं टेबलावरच्या आपल्या अहवालाकडे पाहिलं. त्यात वाक्यंच होती. अठ्ठावीस वर्षं तो टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पारखी होता. गावोगावच्या कॉलेजांत जाऊन पोरं कशी धावतात, कशी आपटतात आणि आपटल्यावर कोणाला शिव्या देतात, हे तो बघायचा. मग त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरात बसून मॅकरोनी खायचा आणि जे दिसलं ते लिहायचा.

“मग काय लिहू?”

“आकडा. शून्य ते दहा. दशांश चालेल.”

वेल चौतीस वर्षांचा होता आणि तीन आठवड्यांपूर्वी संघाचा जनरल मॅनेजर झाला होता. त्याआधी तो देशभरातल्या दुकानांत दह्याचे डबे कुठल्या फळीवर ठेवायचे, हे ठरवायचा. पहिल्याच बैठकीत त्यानं, मैदानात अकराच खेळाडू का, दहांत भागत नाही का, असं विचारलं होतं आणि उत्तर लिहूनही घेतलं होतं.

ज्यानं आयुष्यात एक खेळाडू पारखला नाही तो संघ कसा उभा करणार, असं पत्रकारांनी मालकाला विचारलं. मालक स्ट्राऊड यांचा बाथटबचा कारखाना होता. ते म्हणाले, “माझ्या कारखान्याचा मॅनेजर फक्त शॉवर घेतो. खप वाढतोच आहे.” लॉयडला हे पटलं नाही, पण त्याला ते बाथटबही कधी पटले नव्हते.

“आणि निवडीचा दिवस झाला की तुमच्या कराराचं बघू,” वेल गोड हसून म्हणाला. “मला कटकट न करणारी माणसं हवीत.”

लॉयडला पूर्ण पेन्शनसाठी दोन वर्षं कमी पडत होती. बायको व्हर्नानं निवडीच्या दिवशी सकाळी त्याचा टाय सरळ केला.

“त्या दह्यावाल्यासमोर तोंडात बटाटा धरून बस, लॉयड. आणि ती दुखरी दाढ दाखव एकदा कोणाला तरी.”

“बटाटा धरू की दाढ दाखवू?”

“आज बटाटा.”

दर वसंतात बत्तीस संघ आळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडतात. पाळी आली की हातात मोजकी मिनिटं असतात. पहिल्या तीन पाळ्या लॉयड बटाटा धरून बसला. चौथ्या पाळीला वेलच्या पडद्यावर एक नाव हिरवं झालं. एझ्रा फिंच. नऊ पूर्णांक चार. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखा उभा राहणारा, तीनशे पौंडांचा पोरगा.

“हा अजून शिल्लक?” वेल टुणकन उठला. “मिस्टर स्ट्राऊड, फळीच्या मागच्या बाजूला ताजं दही राहून गेलंय!”

तो का शिल्लक होता, हे लॉयडला ठाऊक होतं. बाकीच्या एकतीस संघांनाही ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडे अजून वाक्यं चालू होती. लॉयडनं व्हर्नाचा विचार केला. दोन वर्षांचा विचार केला. नऊ पूर्णांक चार हा आकडाही त्यानंच दिला होता आणि तो खरा होता.

“तो येणार नाही,” लॉयड म्हणाला.

“हे कुठल्या रकान्यात आहे?”

“रकान्यात नाही. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात आहे. पोरगं दातांचा डॉक्टर व्हायला चाललंय. जानेवारीत सांगितलं मला. अहवालातलं शेवटचं वाक्य होतं ते.”

स्ट्राऊड हसले. “अरे लॉयड, इथं लाखो डॉलर मिळत असताना लोकांचे दात कोण उपटत बसेल?”

“त्याचा बाप हेच खेळायचा, साहेब. डोक्यावर धडका घेऊन घेऊन. आता त्याला काटा कुठल्या हातात धरायचा ते रोज सांगावं लागतं. पोरगंच सांगतं.”

वेलनं मान हलवली.

“दुःखद आहे. पण हा एकच नमुना झाला,” तो म्हणाला आणि नाव लीगकडे पाठवून दिलं. आधी नाव पाठवायचं आणि मग पोराला फोन करायचा, हीही त्याचीच सुधारणा होती. त्यानं दर पाळीला नऊ सेकंद वाचत होते.

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“आभारी आहे सर,” एझ्राचा आवाज आला, “पण मी डेंटल कॉलेजला चाललोय. मिस्टर बेनेडांना माहितीये. आहेत का ते तिथं? आई विचारतेय, त्यांची दाढ कशी आहे?”

सगळे लॉयडकडे बघायला लागले.

“दुखतेय,” लॉयड म्हणाला.

सोमवारी त्याला पत्र आलं. पत्र म्हणजे एक तक्ता होता. निवड फसली: होय. निवडीत आडकाठी करणारा पारखी: बेनेडा. गुण: तीन पूर्णांक एक. करार: नाही. एकही वाक्य नव्हतं. त्या बाबतीत वेल शब्दाचा पक्का होता.

व्हर्ना तक्ता बघून एवढंच म्हणाली, “बटाटा लहान पडला का?”

पुढच्या तीन वर्षांत संघ एकूण सात सामने जिंकला. वेलला बढती मिळाली. आता त्याला खेळाडू निवडायचे नव्हते, जनरल मॅनेजर निवडायचे होते. दाढ अजून दुखत होती. डेंटल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या हातून स्वस्तात काम होतं, म्हणून एका मंगळवारी व्हर्नानं लॉयडला तिथं नेऊन बसवलं.

पांढऱ्या कोटातला एझ्रा दारातून आत आला तेव्हा खोलीतला उजेड कमी झाला. मागून त्याला शिकवणाऱ्या बाई हातात एक फॉर्म घेऊन आल्या. रुग्णानं विद्यार्थ्याला शून्य ते दहा गुण द्यायचे होते.

“उघडा तोंड, मिस्टर बेनेडा. दुखलं तर हात वर करा. मी थांबेन.”

लॉयड त्याचा हात बघत होता. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साडेदहा इंच, हातमोजा शिवणीत ताणलेला. त्या हातात छोटासा आरसा होता. तोंडात घालण्याआधी एझ्रानं तो क्षणभर मुठीत दाबून धरला.

“एक मिनिट,” लॉयड म्हणाला.

गळ्यातल्या कागदी रुमालाखाली हात घालून त्यानं खिशातली पेन्सिल काढली. बाईंकडून फॉर्म मागून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला सावकाश लिहिलं, “तोंडात घालण्याआधी आरसा गरम करून घेतो.” खाली सही केली, तारीख घातली.

मग त्यानं तोंड उघडलं.