पांढऱ्या प्लगांचा चमत्कार

हँगरच्या दारात इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. विमान पाहायला कोणी आलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे होते भगव्या कफनीतल्या बाबांच्या हातातल्या ताटावर, आणि ताटात होते विमानाच्या इंजिनातून काढलेले आठ स्पार्क प्लग. गेल्या आठवड्यात ते काजळीनं बरबटलेले होते. आज पांढरेफटक.

"दोष जळाला!" बाबा गरजले. "काळं दिसत होतं ते मरणाचं बोट होतं, लेकरांनो! मी ते बोट मोडलं. इंजिनाचा आत्मा धुऊन निघाला!"

इंजिनालाही आत्मा असतो हे मला एकवीस वर्षं इंजिनं उघडून कळलं नव्हतं. पण लोकांनी हात जोडले. पहिल्या रांगेत माझा धाकटा भाऊ होता, घळाघळा रडत.

ही उड्डाणशाळा त्याची, आणि मी इथली मेकॅनिक. तीन महिन्यांपूर्वी आमचं एक विमान धुक्यात टेकडीवर आदळलं. शिक्षक आणि विद्यार्थी, दोघंही गेले. चौकशीत दोष धुक्याचाच निघाला. पण त्याच सकाळी भावानं मला त्या विमानाचे काळे प्लग घासताना पाहिलं होतं, आणि ती काजळी त्याच्या डोक्यात जाऊन बसली. प्लग काळे होतात, कारण शिकाऊ पोरं जमिनीवरच इंजिन तासभर चालू ठेवतात आणि पेट्रोल जास्त जातं. घासले की काम भागतं. हे मी त्याला शंभरदा सांगितलं. माणूस घाबरला की त्याला साधं कारण पुरत नाही.

मग बाबा आले. उरलेल्या दोन्ही विमानांत एकटेच बसून, दार लावून त्यांनी तांब्याचं एकेक 'कवच' बसवलं. शंकेखोराचा हात लागला तर कवच उतरतं, असं फर्मान निघालं. शंकेखोर म्हणजे अर्थात मी. आठ दिवस मला विमानाच्या जवळ फिरकू दिलं नाही. आजचे प्लगही बाबांच्या चेल्यानं काढले आणि भाजी ओतावी तसे ताटात ओतले.

आम्ही मेकॅनिक असं कधी करत नाही. माझ्याकडे आठ भोकांची लाकडी फळी आहे. कुठल्या सिलिंडरचा, त्याच्या दोन प्लगांपैकी वरचा की खालचा, ते बघून प्रत्येक प्लग आपापल्या भोकात उभा करायचा. म्हणजे इंजिनाच्या पोटात कुठे काय दुखतंय ते कळतं. ढीग केला की काही कळत नाही. बाबांना तेच हवं होतं.

मी गर्दीत घुसले आणि ताटातला एक प्लग उचलला.

"ताई, हात लावू नकोस!" भाऊ ओरडला.

धडधाकट इंजिनाचा प्लग राखाडी-तपकिरी असतो. हा भट्टीत भाजल्यासारखा पांढरा होता. आतल्या चिनीमातीवर फोड आले होते, आणि टोकाला मोहरीहून बारीक चकाकते कण चिकटले होते. पिस्टनचा धातू वितळायला लागला की तो असा प्लगवर येऊन बसतो.

मी विमानाकडे धावले आणि कॉकपिटचं दार उघडलं. समोर लाल मूठ होती. ती पूर्ण आत ढकलली की इंजिनाला भरपूर पेट्रोल मिळतं, आणि पूर्ण जोर लावताना तेच पेट्रोल इंजिनाला थंडही ठेवतं. त्या मुठीच्या दांड्यावर तांब्याचं कडं स्क्रूनं आवळलं होतं. मूठ अर्ध्यावरच अडत होती.

हेच ते कवच. इंजिन आठ दिवस उपाशी जळत होतं, म्हणून प्लग पांढरे.

"दुसरं विमान कुठंय?" मी विचारलं.

"वर आहे," भाऊ म्हणाला. "पोरगी घेऊन गेलीय. अर्धा तास झाला."

पोरगी म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. एकटीनं विमान उडवायची तिची तिसरी वेळ.

मी रेडिओकडे धावले, पण तो माझ्याआधी पोचला आणि माईक छातीशी धरून बसला. "ती वर असताना कवचाला नावं ठेवू नकोस, ताई. पाया पडतो तुझ्या."

"अरे, तुझी लेक जळत्या इंजिनावर बसलीय! दे इकडे!"

दोन मिनिटं आम्ही भाऊबहीण लहानपणी भांडायचो तसे झटापट करत होतो. ती दोन मिनिटं मला आजही मोजता येतात. शेवटी माईक माझ्या हातात आला.

"पोरी, थ्रॉटल मागे घे. निम्मा जोर ठेव आणि परत फिर."

"आत्या? इंजिन खूप थरथरतंय गं. काचेवर तेल उडतंय... काही दिसत नाही..."

पुढे नुसती खरखर.

धावपट्टीच्या पलीकडे नांगरलेल्या रानात विमान आपटलं. ती वाचली. कमरेखाली तिला काही जाणवत नाही, आणि पुढेही जाणवणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाबा पुन्हा उभे. "मधेच शंका घेतली! कवच तुटलं!" काही माना डोलल्यासुद्धा. मी सगळ्यांसमोर पडलेल्या विमानाचं इंजिन उघडलं, प्लग फळीवर क्रमानं लावले आणि तीन नंबरचा पिस्टन भावाच्या हातात दिला. त्याला वितळून पडलेल्या भोकातून अंगठा आरपार जात होता. मग शाबूत विमानातली लाल मूठ प्रत्येकाला ढकलायला लावली, आधी कडं ठेवून, मग काढून. पेट्रोल कोण अडवत होतं ते अगदी शिकाऊ पोरांनाही कळलं.

बाबा पूर्वी जनरेटर दुरुस्त करायचे, हे नंतर पोलिसांच्या चौकशीत निघालं. पेट्रोल कमी केलं की प्लग पांढरा होतो, इतकं त्यांना ठाऊक होतं. पूर्ण जोरानं आकाशात चढणाऱ्या इंजिनाचं काय होतं, ते ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मी भाचीला भेटायला गेले तेव्हा तिनं प्लग मागितला. बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

"तापमानाचा काटा लाल रेषेच्या पुढे गेला होता, आत्या," ती म्हणाली. "मला दिसत होता. मला वाटलं, आत दोष जळतोय."

मला रडू आवरलं नाही.

जे तिला शिकवलं होतं, ते तिला दिसत होतं. आम्ही मोठ्यांनी हात जोडले म्हणून तिनं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून नव्हे, हात धरून सांगते. कोणी काळ्याचं पांढरं करून दाखवलं, तर ते कशानं झालं एवढं विचारा. दार लावून काही बसवलं, तर दार उघडायला लावा. विचारल्यानं उतरतं ते कवच नसतंच.

भावानं अजून तो पिस्टन टाकलेला नाही. रोज सकाळी नवी पोरं आली की तो त्यांच्या हातात देतो आणि विचारतो, "हे कशानं झालं असेल?" उत्तर मिळेपर्यंत तो कोणालाच विमानात बसू देत नाही.