हाकेनंतरचा विराम

या, जवळ सरका. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला तर होऊ द्या. गोष्ट आवाजाचीच आहे. एका विद्यापीठात बायबल शिकवत, आणि तिथल्या एका बाईंनी तोंड मिटायला साफ नकार दिला, ती ऐका.

बाई बायबल विभागातल्या सर्वांत जुन्या शिक्षिका. हिब्रू शिकवत, तेही गाऊन. हिब्रू वचनांत अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा असतात: इथे सूर चढवा, इथे उतरवा, इथे थांबा. बाईंना ही विद्या दिली सूरमास्तरांनी. ते विभागाचे पहिले शिक्षक. विभाग उभा राहिला तोच मुळी त्यांच्या गळ्यावर. वर्गात शिरले की आधी वचन गात, मग अर्थ सोडवत, आणि समोरची पोरं डुलता डुलता व्याकरण शिकून जात. पुढे चिकित्सेचे दिवस आले. मजकूर कोणी लिहिला, कधी लिहिला, कुठे सांधला, याचा कीस पडू लागला. बाईंनी तेही मनापासून शिकवलं. गाणं मात्र सोडलं नाही. म्हणून पोरं त्यांना 'अरण्यबाई' म्हणत. बायबलात रानात एकटाच हाका मारणारा कोणी येतो ना, त्याच्यावरून. कितीही ओरडा, ऐकतंय कोण!

विभागाचा वर्धापनदिन आला. इतिहास सांगायचं काम बाईंकडे. आदल्या दुपारी विभागप्रमुख त्यांच्या खोलीत आला. जगासाठी तो साहेब; बाईंचा मात्र जुना विद्यार्थी, अजून 'अरे-तुरे'तला.

"बाई, उद्या कुलगुरू येतायत. सूरमास्तरांचं नाव जरूर घ्या, पण गाऊ नका."

"का रे? माझा गळा बसलाय असं कोणी उठवलं?"

"थट्टा नको. गाण्याचा तास ठेवायचा की काढायचा, ते उद्या ठरतंय. नुसतं बोललात, तर 'वाचन' म्हणून मी तो वाचवतो. गायलात, तर माझ्या हातात काही नाही. आणि त्या खुणा मूळच्या नाहीतच. शेकडो वर्षांनी घातल्यात. तुम्हीच शिकवलंत."

"लिहिल्या मागाहून. लोक आधीपासून गातच होते की."

"बाई, हे विद्यापीठ आहे, गायनशाळा नव्हे."

"मग सूरमास्तरांचा फोटो सभागृहात कशाला टांगलायस? तो उतरव आधी."

तो गेला आणि बाई उद्याचं भाषण लिहायला बसल्या. तास गेला, तर मास्तरांचं गाणं आपल्याबरोबरच संपणार, हे त्यांना दिसत होतं. न गाता वाचवला, तर नावालाच वाचणार, हेही. आणि देवाने दिलेला गळा देवाच्या शब्दासाठी वापरायचा, त्याला परवानगी कुणाकुणाची मागायची?

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. बाईंनी इतिहास सांगितला, सरळ, एकही सूर न लावता. विभागप्रमुखाचा जीव भांड्यात पडला. इतक्यात कुलगुरू गमतीने म्हणाले, "बाई, तुम्हाला म्हणे अरण्यबाई म्हणतात!"

हशा पिकला. बाईही हसल्या.

"म्हणतात, साहेब. पण ते वाचन चुकतंय."

आणि त्यांनी फोटोकडे पाहत सूर लावला. त्या हाकेचंच वचन हिब्रूत गायल्या, मग तीच चाल आपल्या शब्दांत: "कोणी हाक मारतंय..." इथे थांबल्या. चांगल्या थांबल्या. सभागृहाने श्वास धरला. मग वरच्या सुरात: "अरण्यात वाट करा!"

"ऐकलंत? थांबायची खूण हाकेनंतर आहे. हाक मारणारा रानात नाहीच. वाट रानात करायची आहे. आपण त्या बिचाऱ्याला उगाच तिकडे पिटाळतो."

विभागप्रमुख न राहवून उठला. "बाई, 'अरण्यात'नंतर थांबायचं, असं दुसरं वाचनही आहे. तेही जुनंच आहे."

"आहे ना! दोन्ही गाऊन दाखवायला तर तास हवा."

कुलगुरूंनी भरपूर टाळ्या वाजवल्या. आणि तास काढला.

तासाची खोलीही गेली. बाईंनी विभागामागच्या सायकलींच्या शेडमध्ये ठाण मांडलं. पत्रा तापायचा, मडगार्डं खडखडायची, पोरं कॅरियरवर बसून गायची. काही तर दुसऱ्या विभागांतून आलेली, नुसती ऐकायला.

एका संध्याकाळी विभागप्रमुख तिथे आला. "बाई, इथे वर्ग घ्यायला परवानगी नाही."

"वर्ग कुठाय? तास तर तुम्ही काढलात. आम्ही अरण्यात वाट करतोय. तू सायकल घ्यायला आलायस ना? घे."

पोरं खुदकली. तो कुलपाशी वाकला. बाईंनी तेच वचन उचललं. किल्ली केव्हाच फिरली होती, तरी तो खुडबुड करत राहिला. हाक संपली आणि त्याचा हात थांबला. अगदी खुणेवर. वाट सुरू झाली, तेव्हा पोरांच्या आवाजात एक जाडाभरडा, बेसूर आवाज मिसळला.

"मान वर करून गा रे," बाई म्हणाल्या. "कुलपाला काय ऐकवतोस?"

तेव्हा मंडळी, एवढं माझ्यासाठी करा. कधी वचन मोठ्याने वाचाल आणि श्वासासाठी थांबाल, तेव्हा त्या थांब्यात आमच्या सूरमास्तरांची आठवण काढा.